अर्धा पियाला

मित्रांनो, मी चिनी मातीची एक किटली आहे. जुनी म्हणा, हरकत नाही. पण मोडकी म्हणू नका. माझ्या तोटीला कथलाचे नवे टोक बसवलेले आहे, झाकणाचा एक टवका उडालेला आहे आणि आतून चहाचा इतका जाड थर बसला आहे की नुसते गरम पाणी ओतले तरी त्याला रंग चढतो. असे असूनही दर बुधवारी दुपारी तीन वाजता कोकंदच्या पाणी-संस्थेतल्या व्याख्यानाच्या खोलीत माझ्यावाचून पान हलत नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरे, थोडे फुशारकीनेच सांगते.

माझा जन्म ताशकंदजवळच्या एका कारखान्यात झाला. एकाच साच्यातून माझ्यासारख्या हजारो निघाल्या. निळे अंग, त्यावर कापसाची पांढरी बोंडे आणि काठाला सोनेरी रेघ, हा आम्हा सगळ्यांचा पोशाख. मला रंगवणाऱ्या बाईंचे लक्ष त्या दिवशी कुठे होते कोण जाणे, एका बोंडाला त्यांनी एक पाकळी जास्त काढली. तपासनिसाने मला उलटसुलट करून पाहिले आणि "जाऊ दे, चहाला काय कळतंय," म्हणून पुढे ढकलले. पेटीत भुसा भरून आम्ही कोकंदच्या बाजारात आलो. मला वाटले होते, एखाद्या लग्नघरी जाईन, नव्या नवरीच्या हातून पाहुण्यांना चहा देईन. पण मला उचलले शोकिर दोम्लांनी.

दोम्ला म्हणजे गुरुजी. हे आमचे गुरुजी कालव्याच्या पाण्याचे मोजमाप शिकवत. लांब नाक, ढगळ कोट आणि कोटाच्या खिशात कायम बेदाणे. त्यांनी दुकानदाराला विचारले, "हिची धार कशी पडते?" दुकानदार म्हणाला, "दोम्ला, किटली घेताय की नदी?" मग दोघे हसले आणि मी पाणी-संस्थेत आले.

दोम्लांना किटली का हवी होती, ते ऐका. तरुणपणी ते उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरात शिकायला गेले होते. तिथे त्यांचे पहिले व्याख्यान ठरले. दुसरे वाक्य पुरे होते न होते तोच पुढच्या रांगेतून एकाने प्रश्न टाकला. त्याचे उत्तर देतात तोवर दुसऱ्याने टाकला, मग तिसऱ्याने. तासाभराने सगळे उठले तेव्हा दोम्ला अजून दुसऱ्या वाक्यावरच होते. पुढे ते घरी परतले आणि तेच व्याख्यान इथे दिले. इथे कुणी चकार शब्द काढला नाही. मोठ्यांसमोर मध्ये बोलणे आमच्याकडे उद्धटपणा समजतात. सगळ्यांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या, पोटभर पुलाव खाऊ घातला. सहा महिन्यांनी दोम्लांना स्वतःच्याच गणितात एक ढोबळ चूक सापडली. चौकशी करता कळले, की ती चूक खोलीतल्या तिघांना त्याच दिवशी दिसली होती.

"तिकडं मला बोलूच दिलं नाही," दोम्ला सांगत, "आणि इकडं मला खुशाल चुकू दिलं. कुठलं जास्त वाईट, ते अजून मला ठरवता आलेलं नाही."

म्हणून त्यांनी मला आणले आणि बुधवारचा एक रिवाज घातला. आमच्याकडे चहा मुरवण्यासाठी तो थोडा पियाल्यात घेऊन परत किटलीत ओततात, असे तीनदा. हे तुम्ही आमच्याकडच्या कुठल्याही घरात पाहाल. दोम्लांनी सांगितले, व्याख्यान चालू असताना ज्याला प्रश्न विचारायचा असेल त्याने जागेवरून ओरडायचे नाही. उठायचे, पुढच्या टेबलाशी यायचे, मला उचलायचे. तीनदा चहा परत ओतायचा आणि तेवढ्या वेळात आपला प्रश्न मनात घोळवायचा. मग वक्त्यासाठी पियाला भरायचा आणि डावा हात छातीवर ठेवून तो त्याच्यापुढे धरायचा. वक्त्याने आपले वाक्य पुरे करायचे, एक घोट घ्यायचा आणि म्हणायचे, विचारा. प्रश्न एकच, तोही आखूड. तेवढ्यात वक्त्याचा घसा ओला होतो आणि डोकेही थोडे थंड होते.

आणि पियाला अर्धाच भरायचा. हे दोम्लांना सांगावे लागले नाही, ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. अर्धा पियाला म्हणजे बसा, पुन्हा भरू, आम्हाला घाई नाही. काठोकाठ भरलेला पियाला पुढे आला तर पाहुण्याने काय ते समजायचे. एवढा प्या आणि उठा.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. कितीतरी माणसे मला उचलायला तावातावाने येत आणि दुसऱ्यांदा चहा परत ओतताना थबकत. त्यांना त्यांचे उत्तर तिथेच मिळालेले असे. मग ती ओशाळून तो चहा स्वतःच पीत आणि जागेवर जाऊन बसत. मागून कुणीतरी हळूच म्हणे, "आका, तहान लागली होती वाटतं?" आका म्हणजे दादा. मला तेव्हा फार बरे वाटे. उत्तर माझ्या पोटात होते असा माझा समज होई.

सगळ्यांत जास्त वेळा मला उचलायचा तो कुद्रत. दोम्लांचा लाडका विद्यार्थी, डोक्याने तल्लख, पण धीर म्हणून नाही. तीनदा परत ओतणे त्याला जमत नसे. एकदा ओतल्यासारखे करून तो लगेच पियाला पुढे करी. आणि विचारायला लागला की म्हणे, "प्रश्न नाही, एक छोटंसं मत आहे." दोम्ला बसल्या जागेवरून म्हणत, "मत आहे? मग नान खा, कुद्रतजान. किटली खाली ठेव." सगळी खोली हसे आणि कुद्रतही हसे, पण त्याचे कान लाल झालेले मला जवळून दिसत.

आणि ज्याने मला कधीच उचलले नाही असा एकच माणूस होता, तुर्दी बोबो. ते काही संशोधक नव्हते. यांगी-सुव कालव्याच्या पुलाखाली पाण्याची उंची दाखवणारी एक लांब पट्टी उभी आहे. ती पट्टी सकाळ-संध्याकाळ वाचायची आणि आकडा वहीत लिहायचा, हे त्यांचे काम. दर बुधवारी ती वही संस्थेत पोचवायला ते येत, पाणी-चिखलाचे रबरी जोडे दाराशी काढत, शेवटच्या रांगेत बसत आणि चहा पिऊन जात. दोम्ला त्यांना विचारत, "तुर्दी, तुला काही विचारायचं नाही का रे?"

"मला काय कळतंय, दोम्ला? मी आपला चहाला येतो."

कामावरून निवृत्त झाल्यावरही त्यांचे बुधवार चुकले नाहीत. केस पिकले, पाठ वाकली, चष्म्याची काच जाड होत गेली. हळूहळू सगळे त्यांना बोबो, म्हणजे आजोबा, म्हणू लागले. इतक्या वर्षांत त्यांनी एक प्रश्न विचारला नाही.

मग एका हिवाळ्यात शोकिर दोम्ला गेले. त्यांच्या खुर्चीवर कुद्रत बसला. आता त्याला कुद्रत आका म्हणायचे. पहिल्याच बुधवारी एकजण मला उचलायला आला, तर कुद्रत आका म्हणाला, "हा चहापाण्याचा खेळ आता पुरे. प्रश्न शेवटी," आणि त्याने मला हाताने बाजूला सारले. जरा जोरातच सारले. माझी तोटी खिडकीच्या चौकटीवर आपटली आणि तिचे टोक तुटून खाली पडले.

त्याने मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. तुकडा त्याने स्वतः उचलला, हातात धरून बघत राहिला, मग खिशात टाकला. पण मला कपाटात ठेवले ते ठेवलेच. माझ्या पोटात पेन्सिली भरल्या. सात वर्षे मी पेन्सिली सांभाळल्या, मित्रांनो! हिरव्या चहाच्या जागी लाकडाचा भुसा. कपाटाच्या दारातून मला बुधवार ऐकू येत. वक्ता तासभर बोले. प्रश्न शेवटी, आणि शेवटी म्हणजे सगळ्यांची निघायची घाई. फक्त कुद्रत आकाला वाटेल तेव्हा तो मध्येच बोले, कारण त्याला कोण अडवणार? बाकीचे बाहेर व्हरांड्यात जाऊन एकमेकांना सांगत, "तिसऱ्या आकृतीत गडबड होती, बघितलंस?" ते वक्त्याच्या कानावर कधी गेले नाही. मला रडता आले असते तर पेन्सिली भिजल्या असत्या.

मला कपाटातून काढले ते ओयदिनने. ही सव्वीस वर्षांची मुलगी संस्थेत नवी आली होती. तिला पेन्सिल हवी होती. तिने मला उलटे केले, पेन्सिली टेबलावर सांडल्या आणि तिला ती जादा पाकळी दिसली.

"बोबो, ही कुणाची?" तिने विचारले. तुर्दी बोबो नेहमीप्रमाणे लवकर येऊन शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी मला हातात घेतले, चष्मा वर करून अगदी डोळ्यांजवळ धरले आणि तिला सगळा रिवाज सांगितला. उठणे, तीनदा परत ओतणे, अर्धा पियाला, सगळे. बोबोंना मी इतके बोलताना कधी ऐकले नव्हते.

ओयदिन मला रुमालात बांधून बाजारातल्या चिनी मातीची भांडी सांधणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे घेऊन गेली. त्याने माझ्या तुटक्या तोटीला कथलाचे नवे टोक चढवले आणि तिला म्हणाला, "पोरी, तोंड जरा मोठं झालंय हं. धार एकदम येईल. जपून वाकव." पुढच्या बुधवारी तिने मला चहा भरून टेबलावर ठेवले. कुद्रत आकाने माझ्याकडे बघितले, पण मला तिथून हलवले नाही. मी परत कामाला लागले. नेहमीच्या माणसांना माझी खोड लवकरच कळली. ती मला अलगद वाकवत.

आता त्या बुधवारचे सांगते.

मार्चचा महिना होता, बाहेर चिखल. त्या दिवशी व्याख्यान ओयदिनचेच होते. दोन वर्षे खपून तिने यांगी-सुव कालव्याच्या तीस वर्षांच्या जुन्या वह्या एकत्र केल्या होत्या. तिचे म्हणणे असे, की अलीकडच्या वीस-बावीस वर्षांत कालवा पूर्वीपेक्षा एक वीत खाली वाहतो आहे. म्हणजे एक विताची जागा आहे. म्हणजे वसंतात बर्फ वितळल्यावर वरचे दरवाजे तेवढे जास्त उघडता येतील आणि कोरड्या पडलेल्या शेतांना पाणी मिळेल. ताशकंदहून एक अधिकारी मुद्दाम ऐकायला आले होते. आकडा पटला तर ते तो घेऊन जाणार, महिन्याभरात दरवाजे उघडणार, आणि ओयदिनला तिची पदवी मिळणार. कालव्याच्या शेवटाला ओलचाजोर नावाचे गाव आहे. तिथली घरे आणि जर्दाळूच्या बागा अगदी बांधाला चिकटून आहेत. मी हे सगळे ऐकले, कारण तिने ते आदल्या दिवशी रिकाम्या खोलीत माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिले होते.

कुद्रत आकाने सुरुवातीलाच सांगितले, "पाहुण्यांची गाडी पाच वाजता आहे. आज मध्ये कुणी उठू नका."

ओयदिन छान बोलत होती. आवाज सुरुवातीला थरथरला, मग स्थिरावला. तिने फळ्यावर जुन्या वर्षांचे आकडे लिहिले, खाली नव्या वर्षांचे. शेवटच्या रांगेत हालचाल झाली. तुर्दी बोबोंनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली, परत काढली. ओयदिनने दोन्ही ओळींच्या मध्ये रेघ ओढली आणि बाजूला फरक लिहिला, एक वीत. बोबो उठले.

ते खुर्च्यांना धरत धरत पुढे आले. कुद्रत आकाच्या कपाळावर आठी पडली, पण एवढ्या म्हाताऱ्या माणसाला बस म्हणायला त्याचीही जीभ रेटली नाही. बोबोंनी मला उचलले. तीस वर्षांत पहिल्यांदा! त्यांच्या म्हाताऱ्या बोटांना कंप होता. थोडा थोडा चहा पियाल्यात घेऊन त्यांनी तीनदा माझ्यात परत ओतला, अगदी नीट, दोम्ला बघत असल्यासारखे. मग त्यांनी मला वाकवले. इतरांसारखे अलगद नाही, जुन्या सवयीने वाकवले. त्यांना माझ्या नव्या तोंडाची काय कल्पना? मी त्यांच्या हातात कधी आलेच नव्हते.

मी स्वतःला आवरायचा प्रयत्न केला. किटलीला स्वतःला आवरता येत नाही. चहाचा लोट आला आणि पियाला काठापर्यंत भरला. बोबोंच्या जाड चष्म्याला काठ दिसला नाही. त्यांनी डावा हात छातीवर ठेवला आणि तो भरलेला पियाला ओयदिनपुढे धरला.

ओयदिनने पियाल्याकडे पाहिले. ज्या माणसाने तिला हा रिवाज शिकवला तोच तिला सगळ्यांदेखत सांगत होता, की पुरे, पी आणि जा. तिने वाक्य पुरे केले. खडू खाली ठेवला.

"रहमत, बोबो," ती म्हणाली. रहमत म्हणजे आभार. मग तिने पियाला टेबलावर ठेवला आणि मान खाली घालून कागद गोळा करायला सुरुवात केली.

"बोबो, हे काय केलंत?" कुद्रत आका म्हणाला. "पोरीचं व्याख्यान अर्ध्यावर आहे आणि तुम्ही तिला काठोकाठ भरून दिलात?"

"काठोकाठ?" बोबोंनी वाकून पियाल्यात पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. "नाही, नाही... मला एक विचारायचं होतं."

"प्रश्न शेवटी."

मागे कुणीतरी फिसकन हसले. ज्याने वक्त्याचा अपमान केला त्याने वर तोंड उघडून प्रश्न विचारायचा, हे त्यांच्या पिढीला जमण्यासारखे नव्हते. ते वळले, दाराशी गेले आणि वाकून रबरी जोडे शोधू लागले.

मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या तोटीची जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही. चूक माझी होती आणि दोघे माना खाली घालून उभे होते. बोबो त्या दारातून बाहेर गेले असते तर त्यांचा प्रश्नही त्यांच्याबरोबर गेला असता. आणि तीस वर्षांनी उठलेला माणूस काही उगाच उठत नाही, एवढे मला कळत होते.

ओयदिनच्या डोळ्यांत पाणी होते. पण आमच्याकडे रागावून निघालेल्या पाहुण्यालाही चहा न देता जाऊ देत नाहीत. तिने दुसरा पियाला घेतला, मला उचलले आणि बोबोंसाठी चहा ओतायला गेली. डोळे अजून भरलेले. नेहमीची काळजी तिच्याकडूनही राहिली. चहा एकदम उसळून तिच्या बोटांवर आला, टेबलावर पसरला, तिच्या कागदांखाली गेला.

"स्स्!" तिने बोटे झटकली आणि माझ्या तोटीकडे पाहिले. मग काठोकाठ भरलेल्या पियाल्याकडे पाहिले. कारागिराचे बोलणे तिला त्या क्षणी आठवले असावे, कारण ती चक्क हसली.

तिने माझे झाकण काढले. भरलेला पियाला उचलला आणि त्यातला अर्धा चहा माझ्यात परत ओतला. उरलेला अर्धा पियाला हातात घेऊन ती दाराशी गेली.

"बोबो, जोडे काढा."

बोबो एक जोडा घालून उभे होते. "माफ कर पोरी, मला दिसलं नाही..."

"तुम्ही नाही भरलात. त्या सटवीनं भरला." हे माझ्याबद्दल होते, मी ते मुकाट्याने ऐकून घेतले. "अर्धा मी परत ओतलाय. हा बघा." तिने त्यांच्यादेखत एक घोट घेतला. "आता विचारा."

"ओयदिन, वेळ बघ," कुद्रत आका म्हणाला.

"आका, पियाला आला की आधी प्यायचा. दोम्लांनी तुम्हाला हेच शिकवलं होतं ना?"

कुद्रत आका खुर्चीत मागे टेकला. बोबोंनी घसा साफ केला. फळ्याकडे बोट दाखवले.

"वरचे आकडे जुन्या खांबावरचे आहेत. खालचे नव्या खांबावरचे. तू शून्य कुठला धरलास, पोरी?"

ओयदिनला कळले नाही. "पट्टी एकच आहे ना, बोबो?"

"पट्टी एकच. पण पुलाचा खांब बदलला तेव्हा ती उखडून परत ठोकावी लागली. खाली दगड लागला, म्हणून एक वीत वर बसली. पाणी पूर्वीइतकंच होतं, पट्टीच तेवढं कमी दाखवायला लागली."

तिने फळ्यावरच्या रेघेकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, "वहीत तसं लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलेलं."

"आणि बावीस वर्षांनी आज आठवलं?" कुद्रत आका म्हणाला. "शून्य वर बसला हे तुम्हाला कुणी सांगितलं, बोबो?"

"सांगायचं कुणी? मीच ठोकला, कुद्रतजान." बोबोंचा आवाज अगदी साधा होता. "मी तेव्हाच विचारलं होतं, हे वहीत लिहू का? तिथं एक तरुण साहेब उभा होता. म्हणाला, नोंद नंतर करू, घाई आहे. मग मी काही बोललो नाही. मला वाटलं, त्यांना कळतंय."

टेबलावरून चहा ठिबकत होता. मग कुद्रत आका खुर्चीतून उठला आणि माझ्याकडे आला. त्याने मला उचलले, तीनदा परत ओतले, तीनही वेळा पुरते, आणि मला इतके अलगद वाकवले की पियाला बरोबर अर्धा भरला. तो बोबोंपुढे धरून, डावा हात छातीवर ठेवून तो म्हणाला, "हा प्रश्न नाही, बोबो. मतही नाही. तो साहेब मी होतो."

बोबोंनी पियाला घेतला. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले आणि चहा प्याले.

ताशकंदच्या पाहुण्यांनी हातातली फाइल अर्धवट मिटली. "म्हणजे आकडा घेऊन जाऊ की नको?"

सगळ्यांनी ओयदिनकडे पाहिले. तिची दोन वर्षे त्या फळ्यावर होती. पदवी होती, घरी आईने शेजाऱ्यांना सांगून ठेवलेली मेजवानी होती. तिने फडके घेतले, शेवटचा आकडा पुसला आणि म्हणाली, "नको. एक विताची जागा नाहीच आहे."

त्या वसंतात दरवाजे जास्त उघडले नाहीत. तरी पाऊस पडला, बर्फ लवकर वितळले आणि ओलचाजोरजवळ पाणी बांधाच्या काठाखाली चार बोटांवर येऊन थांबले. जर्दाळूला तेव्हा फुले आलेली होती. ओयदिन तिथे जाऊन आली आणि पुढच्या बुधवारी हाताची चार बोटे आडवी धरून तिने ते बोबोंना दाखवले. तिला सगळे काम पुन्हा करावे लागले, पदवी दीड वर्ष लांबली आणि आईचे टोमणे मला तिच्या तोंडून अधूनमधून ऐकू येत. कालव्याच्या वहीत पट्टीची नोंद कुद्रत आकाने स्वतःच्या हाताने केली. खाली त्याने सही केली आणि बोबोंनाही करायला लावली.

त्यानंतर बोबो आणखी दोन हिवाळे आले. प्रश्न विचारायचे त्यांनी काही सोडले नाही; उलट इतके विचारू लागले की एकदा ओयदिन म्हणाली, "बोबो, तीस वर्षांचे सगळे आजच काढणार का?" आता शेवटच्या रांगेतली ती खुर्ची रिकामी असते. मला तिकडे बघवत नाही. किटलीला दुसरीकडे बघता येत नाही, म्हणून मी बघते.

कुद्रत आकाने मागच्या वर्षी माझा तो तुटका तुकडा कोटाच्या खिशातून काढून टेबलावर ठेवला. इतकी वर्षे त्याने तो जपला होता. "कारागिराकडे ने," तो ओयदिनला म्हणाला, "जुनं तोंड बसवून घे. नाहीतर परत कुणाचा पियाला भरेल." ओयदिनने तो तुकडा माझ्याशेजारी ठेवला आणि मला तसेच राहू दिले. नव्याने आलेल्या मुलामुलींना ती आधी माझी तोटी दाखवते. मग म्हणते, "हिला जपून वाकवा. जोर करते."

तर मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. माझ्यात पेन्सिली भरू नका. मला राखेने घासू नका, आतला थर मला हवा आहे. कुणी बोलत असेल तर मध्येच ओरडू नका, पण प्रश्न गिळून तीस वर्षे शेवटच्या रांगेतही बसू नका. उठा, तीनदा परत ओता आणि विचारा. आणि तुम्ही बोलत असताना एखादा थरथरता हात चुकून काठोकाठ भरलेला पियाला तुमच्यापुढे धरेल, तेव्हा कागद गोळा करू नका. अर्धा चहा परत ओता, एक घोट घ्या आणि तो माणूस दारातून बाहेर जायच्या आत त्याला विचारा, तुमचा प्रश्न काय होता?